तळघर, भाग ७ : फुगवटा मडचा नव्हताच

तळघराच्या लांब भिंतीवर जिप्सम बोर्डच्या शीट लावल्यात; त्यांच्या सांध्यांवर मडचा, म्हणजे सांधे भरायच्या लेपाचा, आता फक्त शेवटचा हात राहिलाय, असं मागच्या भागात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते मागे घेते.

तो हात वाळल्यावर दिवा भिंतीलगत धरून तिरका उजेड टाकला, तर वरच्या ओळीतल्या बट जॉइंटवर, म्हणजे दोन शीटच्या आखूड कडा भिडतात त्या सांध्यावर, उभी सावली. बट जॉइंट थोडा उचललेला असायचाच. शीटच्या लांब कडांना टेप आणि मड बसायला उतार असतो, आखूड कडांना नाही. म्हणून घासलं. टेपचा कागद दिसायला लागला. पुन्हा मड, बारा इंची पट्टीने दोन्हीकडे फूट-फूट पसरवून. तळघरातल्या दमट हवेत एकेक हात वाळायला दीड-दोन दिवस. असे तीन हात झाले. सावली रुंद झाली, गेली नाही.

शेवटी सहा फुटी लेव्हल आडवी धरली. मधोमध टेकून सी-सॉसारखी झुलली. मग खालच्या ओळीतल्या शीटवर धरली, जिथे सांधाच नाही. तिथेही झुलली! आठवडाभर मडला उगाच शिव्या घातल्या. भिंतच पोटात पुढे आली होती.

दोन्ही ओळींत त्या सांध्यामागच्या स्टडच्या (शीटमागचा उभा लाकडी वासा) डाव्या-उजव्या आठ-आठ इंचांची पट्टी कापून काढली. स्टड वर-खाली ओळंब्यात, मधे दोन सूत पुढे. फ्रेमिंग, म्हणजे हा लाकडी सांगाडा, करताना प्रत्येकाची कमान डोळा लावून बघितली होती हो! पण लाकूड आणलं त्याच दिवशी उभं केलं. विकणारा 'वाळवलेलं आहे' म्हणत होता आणि खिळा ठोकताना पाणी उडत होतं. नंतर डिह्युमिडिफायरने ते वाळलं आणि वाकलं. आता लाकूड आणलं की दोन आठवडे रचून ठेवणार.

भिंतीवर घराचा भार नाही, म्हणून धाडस केलं. फुगलेल्या बाजूने करवतीने निम्म्याहून थोडा खोल छेद दिला आणि गुडघ्याने रेटलं. खट्ट! फट मिटली, ओळंबा सुतासारखा सरळ. बाजूने जोडतुकडा, ग्लू, स्क्रू. त्या 'खट्ट'साठी तीन हातांचं घासणं माफ.

शीटची नवी पट्टी बसवल्यावर एका सांध्याचे दोन झाले, तेही छतापासून जमिनीपर्यंत. पण दोन्ही सांधे दोन स्टडच्या मधल्या मोकळ्या जागेत आलेत. मागे प्लायची पट्टी दिली आणि तिच्या कडांना जाड पुठ्ठा डकवला; स्क्रू आवळला की सांधा किंचित आत ओढला जातो आणि मडला बसायला जागा मिळते. कागदी टेप आणि ४५ मिनिटांचं सेटिंग मड वापरलं. ते वाळून नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होतं, त्यामुळे दमटपणाचं भय नाही. पण घासताना दगड, म्हणून ओलं असतानाच नीट ओढायचं. जाळीची टेप मात्र मी कपाटात टाकली, कोणाला हवी तर न्या. तिरका उजेड टाकून पाहिलाय. सावली नाही!

समोरच्या भिंतीसाठीही प्लायच्या अशा आठ पट्ट्या कापून ठेवल्यात. पण लिहिता लिहिता डोक्यात आलं, छत आठ फुटांहून कमी आहे, मग शीट उभ्याच लावल्या तर? बट जॉइंट एकही नाही, सगळे उताराचे सांधे. फक्त दर ४८ इंचांवर स्टडचा मध्य यायला हवा. खांबाभोवतीची पेटी तिथेच खोडा घालणार बहुतेक. उद्या मोजते. प्लायच्या आठ पट्ट्यांचं काय करायचं ते सुचवा.