ज्याला आम्ही ब्रेक ऑइल म्हणतो

मे महिन्यातला रविवार होता. वाईत या दिवसांत रविवारी आम्हा गॅरेजवाल्यांना जेवायला वेळ मिळत नाही. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी निम्मी गर्दी आमच्या दारावरून घाट चढते आणि संध्याकाळी उतरते. कुणाचं रेडिएटर उकळलेलं असतं, कुणाची क्लच प्लेट जळालेली असते. २७ वर्षं हे बघतोय, त्यामुळे घाटातून फोन आला की कोणती हत्यारं पिशवीत टाकायची ते हात आपोआप ठरवतात.

त्या दिवशी चारच्या सुमाराला फोन आला. बोलणारा मुलगा वीस-एकवीस वर्षांचा असावा. म्हणाला, "काका, पसरणी घाटात आहोत. पुढच्या चाकांतून धूर येतोय आणि गाडी हलत नाहीये." मी विचारलं, चढताय की उतरताय? म्हणाला, "उतरतोय. न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला, तरी जागची हलत नाही."

उतारावर न्यूट्रलमध्ये उभी राहणारी गाडी! माझ्या हातातला पाना तसाच राहिला. ब्रेक लागत नाहीत म्हणून रडणारे खूप बघितलेत, पण हे उलटं होतं. मोटारसायकल काढली, हाताखालच्या पोराला मागे बसवलं आणि निघालो.

वळणाच्या अलीकडे डोंगराच्या कडेला गाडी उभी होती. २०१२ ची वॅगनआर. चाकांखाली दगड लावलेले होते, ते पाहून बरं वाटलं. गाडीत मुलगा, त्याचे वडील, आई आणि आजी. वडील निवृत्त शिक्षक, सगळे सर म्हणत असणार असा चेहरा. ते पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायच्या बेतात होते. मी लांबूनच ओरडलो, "सर, थांबा! पाणी नका टाकू." तापून निळी पडलेली ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, गार पाण्याने वाकते, कधी तडकतेही. आजींना आणि आईंना सावलीत बसवलं आणि अर्धा-पाऊण तास चाकं निवू दिली.

बॉनेट उघडलं. पेडल दाबल्यावर ब्रेकच्या नळ्यांत दाब तयार करतो त्या मास्टर सिलिंडरवरच्या, ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण फिरवलं आणि आतली रबरी चकती बाहेर आली ती परत बसेना. कडेने झालर आल्यासारखी फुगली होती. रबर असं कशाने फुगतं ते माहीत असलेल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. तरी खात्रीसाठी पुढच्या चाकाचं, ब्रेकमधली हवा काढायचं निपल पाऊण आटा सैल केलं. आतून पिचकारी उडाली आणि जाम झालेलं चाक हाताने फिरायला लागलं. म्हणजे डिस्क आवळणाऱ्या पॅडला दाबून धरणारा दाब आतच अडकून बसला होता, परत जायला त्याला वाटच नव्हती.

मुलाला विचारलं, "ब्रेकचं काम कुणी केलं?"

तो म्हणाला, "मी. चार दिवसांपूर्वी. पॅड बदलले."

"आणि डब्यात काय घातलंस?"

"ब्रेक ऑइल कमी झालं होतं. घरी मोटारसायकलचं उरलेलं नवीन ऑइल होतं, सीलबंद. तेच घातलं. ऑइलच आहे ना काका?"

त्या प्रश्नाने मला आतून हलवलं. त्याने विचारलेलं चुकीचं नव्हतं. आम्ही सगळे मिस्त्री त्याला ब्रेक ऑइलच म्हणतो. स्पेअरपार्टच्या दुकानात तसंच मागतो, बिलावर तसंच लिहितो. आणि ते तेल मुळीच नाही.

क्रेन बोलावली, आई-आजींना ओळखीच्या जीपमधून खाली पाठवलं आणि गाडी गॅरेजला आणली. तिथे मी पहिलं काम केलं ते चहाचे दोन काचेचे ग्लास पाण्याने भरून टेबलावर ठेवले. एकात नव्या बाटलीतलं ब्रेक ऑइल सिरिंजने सोडलं. पाकाच्या तारा दिसाव्यात तशा दोन-चार तारा खाली उतरल्या आणि पाण्यात विरघळून गेल्या. दुसऱ्यात त्याच्या गाडीच्या डब्यातलं सोडलं. त्यातलं इंजिन ऑइल आमटीवरच्या तर्रीसारखं वर तरंगत राहिलं. मुलगा वाकून बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही.

मग मी त्याला समजावलं. ब्रेकचं द्रव ग्लायकॉलपासून बनतं, ते पाण्यात मिसळतं. ब्रेकमधली रबरं त्या द्रवात टिकतील अशीच बनवलेली असतात. त्यांना इंजिन ऑइलसारखं खनिज तेल लागलं की ती फुगतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय काढल्यावर दाब त्यातून डब्यात परत येतो. फुगलेल्या रबराने ते भोकच बुजवलं. पाय काढला तरी ब्रेक सुटेना. घासून चाक तापलं, उष्णतेने आतलं द्रव फुगलं, त्याने ब्रेक आणखी आवळला. असं चक्र सुरू झालं. या गाडीला लागणारं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषलेलं असेल तर १४० ला उकळू शकतं. आणि एकदा वाफ झाली की पेडल सरळ तळाला जातं. गाडी जाम होऊन थांबली हे त्यांचं नशीब. तशीच रेटत दोन वळणं खाली आणली असती तर काय झालं असतं हे मी सरांसमोर बोललो नाही. त्यांना ते कळलं होतं.

पण पुढची चाकं उघडली तेव्हा मी थक्क झालो. पॅड अगदी बरोबर बसवले होते. पॅड दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइडिंग पिन साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावलेलं, घासले की आवाज करणारी पट्टी ज्या बाजूला हवी त्याच बाजूला. पाच-पाच वर्षं काम केलेली माणसं हे करत नाहीत. चूक झाली ती एकाच ठिकाणी. नवे पॅड बसवायला कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलला की डब्यातलं द्रव वर चढतं, म्हणून त्याने ते सिरिंजने काढून टाकलं. जरा जास्तच निघालं. त्यात व्हिडिओत बघून पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकमधली हवाही काढली. डबा रिकामा होत गेला तसतसं तो ते ऑइल ओतत गेला. म्हणून ते नळ्यांतून पार कॅलिपरपर्यंत पोचलं.

मी त्याला म्हणालो, "पॅडचं काम तू माझ्या माणसांपेक्षा चांगलं केलंयस." हे मी मनापासून म्हणालो, आणि सरांनी ऐकावं म्हणून मोठ्याने म्हणालो.

तेव्हा सर बोलते झाले. आधीच्या गॅरेजमध्ये वर्षभरात दोनदा पॅडचे पैसे घेतले होते. जुने पॅड दाखवा म्हटलं तर टाकून दिले म्हणाले. मुलगा आत जाऊन बघायला लागला तर काम चालू असताना इथे उभं राहायचं नाही म्हणून बाहेर काढलं. त्यानंतर पोराने पाने विकत घेतले.

माझ्या धंद्यातल्या माणसांचा मला इथे खरंच राग येतो. गिऱ्हाईक विचारतं म्हणजे संशयच घेतं असं नाही. त्याच्या गाडीत त्याची आजी बसते, त्याला बघू द्या. टायरची हवा, कूलंट, वायपर, बल्ब, एअर फिल्टर, बॅटरीची टर्मिनल, एवढं ज्याने-त्याने घरी करावं असं मी स्वतः सांगतो. चुकलंच तर फार फार तर गाडी रस्त्यात उभी राहील. ब्रेक आणि स्टिअरिंग मात्र पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी उभं करून उघडावं. पण जाणत्या माणसाने उभं राहू दिलं तर ना!

दुसऱ्या दिवशी मुलाला सकाळी नऊला बोलावलं. मास्टर सिलिंडर नवा घातला. कॅलिपरचे किट, मागचे व्हील सिलिंडर, चारही होज, जिथे जिथे रबर होतं ते सगळं बदललं. लोखंडी नळ्या धुऊन हवेने साफ केल्या. गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नव्हतं, नाहीतर त्याचं युनिटही गेलं असतं आणि खर्च कुठल्या कुठे पोचला असता. तरीही बिल साडेनऊ हजारांवर गेलं. पाव लिटर ब्रेक ऑइलची बाटली दीड-दोनशेला येते.

ब्रेकमधली हवा काढताना त्याला सीटवर बसवलं. मी मागच्या डाव्या चाकापाशी, बाटलीत नळी सोडून. "दाब... दाब... धर." निपल उघडायचं, बुडबुडे बघायचे, बंद करायचं. "सोड." चारही चाकांना हेच. शेवटच्या चाकाला नळीत एकही बुडबुडा आला नाही तेव्हा त्याला खाली बोलावून ती स्वच्छ पिवळसर धार दाखवली.

घाटाच्या पहिल्या दोन वळणांपर्यंत वर जाऊन आम्ही परत आलो. गाडी तोच चालवत होता. गॅरेजच्या दारात उतरल्यावर मी काही सांगायच्या आत तो चारही चाकांपाशी गेला आणि रिमजवळ हात धरून ऊब बघून आला. पुढची दोन्ही सारखीच कोमट, मागची जवळजवळ गार. मग टेबलावरच्या ताटात ठेवलेली फुगलेली जुनी रबरं त्याने मागून घेतली, कागदात गुंडाळली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.