आमची वाटचाल: प्रेसटूलपासून जिवंत पेशीपर्यंत

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडवाल्यांची कुंडली थोड्याफार फरकाने एकच. वडील फिटर नाहीतर टर्नर, मग घरचं एक लेथ, मग मोठ्या कंपनीच्या व्हेंडरचा व्हेंडर. 1985 साली बजाजचा कारखाना इथं आला आणि त्याच्या आसऱ्याने जी गर्दी वाढली, तिच्यातलेच आम्ही. जिग, फिक्श्चर, प्रेसटूल, म्हणजे सुटे भाग धरून ठेवायची आणि पत्रा दाबून घडवायची साधनं. गाड्यांचा खप पडला की आमच्याकडे कॅरम सुरू.

यातून बाहेर काढलं ते वनस्पतिशास्त्राच्या एका प्रयोगशाळेनं. त्यांच्या मायक्रोमॅनिप्युलेटरची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सुई केसाएवढी सरकवणाऱ्या यंत्राची, सुई पेशीत शिरली की पाच मिनिटांत आपोआप सरकायची. परदेशातून इंजिनिअर बोलवायला बजेट नव्हतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मायक्रॉनमध्ये काम करता ना? मग बघा की जरा." आमच्या मामांनी, म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या फिटरनी, यंत्राची सरकणारी स्लाइड उघडली. मराठवाड्याच्या मे महिन्यात आतलं ग्रीस पातळ झालं होतं, गिबही (स्लाइड घट्ट धरणारी पट्टी) ढिली होती. घट्ट ग्रीस भरलं, गिब बसवली, सुई जागेवर थांबली.

ही सुई म्हणजे काचेची नळी. दीड मिलिमीटर जाडीची नळी तापवून ओढली की टोक एक मायक्रॉनच्याही आत येतं. टोकात व्हॅलिनोमायसिन असलेला द्रव भरतात. तो पोटॅशियम तेवढं ओळखतो. पोटॅशियम दहापट वाढलं की व्होल्टेज साधारण 58 मिलिव्होल्टने बदलतं. पण पेशी आतून स्वतःच ऋण (मायनस) व्होल्टेजची असते, वनस्पतीची तर शंभर-दीडशे मिलिव्होल्टने. म्हणून जोडनळी घेतात: एक नळी नुसतं पेशीचं व्होल्टेज मोजते, ते दुसरीतून वजा करायचं. हा हिशोब समजल्यावर मामा म्हणाले, "म्हणजे टेअर वजन काढल्यासारखं." एवढं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मोजायचं कशासाठी? कॅनॉलच्या पाण्यानं खारवटलेली काळी रानं ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको. मीठ वाढलं की मुळांच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर गळतं. जे वाण ते धरून ठेवतं ते तग धरतं. बार्लीवर हे चांगलं अभ्यासलं गेलंय.

खरा धंदा मात्र सुईत नव्हता. असल्या सुईचा रोध गिगाओहममध्ये जातो, त्यामुळे तिच्यामागची वायर अँटेना बनते. ट्यूबलाइट, पंखा, शेजारच्या खोलीतला फ्रिज, सगळ्यांची 50 हर्ट्झची गुणगुण पडद्यावर. लोक लाखाचा अँप्लिफायर घेतात आणि अर्थिंग मात्र खिडकीच्या गजाला! आम्ही जाळीचा पिंजरा बनवतो, आतल्या प्रत्येक वस्तूची अर्थ वायर एकाच बिंदूवर आणतो, आणि अर्थिंगचा खड्डा तपासल्याशिवाय निघत नाही. आपल्या मुरमाड जमिनीत एप्रिल उजाडला की खड्डा कोरडा पडतो, अर्थचा रोध वाढतो. कोळसा-मीठ घालून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं काम शिपायाला लेखी द्या, हे आम्ही कोटेशनमध्येच लिहितो. त्यावरून एका ठिकाणी परचेस कमिटीनं आम्हाला हसून घेतलं. बिलही पुढच्या मार्चएन्डलाच निघालं, पण ते सगळ्यांचंच तसं निघतं.

दुसरं काम सुईला हादरा बसू न देणाऱ्या टेबलाचं. खाली जड लोखंडी चौकट, वर ग्रॅनाइटची लादी, मधे स्कूटरच्या ट्यूब. ट्यूब अर्धवटच फुगवायच्या. गच्च भरल्या की त्या कडक होतात आणि जमिनीचा हादरा सरळ वर येतो.

सुईतल्या द्रवात बुडणाऱ्या चांदीच्या तारेवर क्लोराइडचा थर चढवून देण्याचं काम घरच्या बायकांनी उचललंय. ब्लीचमध्ये तार काळपट जांभळी होईपर्यंत ठेवायची. रंग एकसारखा नसला की ती माझ्या बायकोच्या हातून पुढे जात नाही, मग ऑर्डर कितीही घाईची असो.

हल्ली चमकणाऱ्या रंगांची कामंही येतात. फ्युरा-2 हा पेशीतलं कॅल्शियम दाखवणारा रंग 1985 सालचाच, आमच्या वाळूजच्या वयाचा! त्यावर 340 आणि 380 नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीनं टाकून दोन्हींचं गुणोत्तर घेतात, म्हणजे रंग कुठे कमी-जास्त शिरला तरी फरक पडत नाही. आम्ही त्याचे फिल्टर होल्डर आणि शटर करतो. पॅच क्लॅम्पचे, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या एकेका छिद्रातून जाणारा विद्युतप्रवाह मोजायचे, अँप्लिफायर विचारतात काहीजण. नेहर आणि साकमान यांनी 1976 ला जे दाखवलं आणि ज्यावर 1991 चं नोबेल मिळालं, त्याचं इलेक्ट्रॉनिक्स आमच्या आवाक्यातलं नाही, आणि आम्ही तसं स्पष्ट सांगतो. टेबल, पिंजरा, होल्डर मागा.

टेबल बघायला यायचं असेल तर कामाच्या दिवशी या. सुट्टीला शेजारचा प्रेस बंद असतो, मग टेबल हादरा खातं की नाही ते कळायचं नाही.