मांडीवरचा वाचक

ग्रंथपालांसाठी भरलेल्या चार दिवसांच्या एका प्रशिक्षणाला मी नुकतीच जाऊन आले. विषय होता ग्रंथालयातील कुटुंबकेंद्री सेवा आणि जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये साक्षरतेचा पाया कसा घातला जातो हा. बालविभागात मला १९ वर्षे झाली आहेत. गोष्टीचा तास, चित्रपुस्तकांची निवड, सुट्टीतले उपक्रम हे सगळे अंगवळणी पडलेले आहे. त्यामुळे यातले बरेचसे आपल्याला ठाऊक असणार, असे मनाशी धरूनच मी गेले होते.

येण्यापूर्वी आम्हाला एक काम सांगितले होते. आपापल्या बालविभागात जमिनीवर बसायचे, कॅमेरा साधारण दोन फूट उंचीवर धरायचा आणि समोर जे दिसेल त्याचे फोटो काढून आणायचे. माझ्या फोटोंत टेबलांचे पाय होते, खुर्च्यांच्या पाठी होत्या, सर्वांत खालच्या फळीवर ठेवलेले, कोणीही न मागणारे कोशांचे खंड होते आणि वरच्या बाजूला ‘शांतता राखा’ या पाटीची खालची अर्धी कड होती. चित्रपुस्तके त्या उंचीच्या कितीतरी वर होती. प्रशिक्षक बाईंनी माझे फोटो बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, “यात आई कुठे बसते?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या बालविभागात रंगीत, बुटक्या २४ खुर्च्या आहेत. मुलाला घेऊन येणाऱ्या आईसाठी, वडिलांसाठी, आजीसाठी एकही बैठक नाही. ही मंडळी दाराशी उभी राहतात, फोन बघतात, घड्याळ बघतात. आणि आम्ही कर्मचारी आपसांत म्हणत आलो की हल्लीच्या पालकांना पुस्तकांत रसच उरलेला नाही. त्यांना बसायला जागाच दिलेली नव्हती, हे त्या फोटोने मला दाखवले.

पुढच्या चार दिवसांत जे काही शिकवले गेले ते सगळे या एका प्रश्नाभोवतीच फिरत होते, असे मला आता वाटते. तीन वर्षांखालचे मूल एकटे वाचक नसते. मांडीवरचे मूल आणि मांडी देणारे माणूस मिळून एक वाचक होतो, आणि ग्रंथालयाने सेवा द्यायची ती या जोडीला. ऐकायला ही गोष्ट साधी आहे, पण ती मान्य केली की बालविभागाची मांडणी, वेळापत्रक, नियम आणि आमची स्वतःची कामाची सवय, सगळेच तपासून घ्यावे लागते.

याला शास्त्राचा आधार काय, हे पहिल्या दिवशी विस्ताराने सांगितले गेले. त्यातला एक प्रयोग माझ्या मनात घर करून राहिला आहे. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, घरी केवळ इंग्रजी ऐकणाऱ्या नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांमध्ये चिनी मँडरिन भाषा ऐकवण्यात आली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस बसून पुस्तक वाचत होता, खेळणी दाखवत होता. इतरांना तेच बोलणे पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून ऐकवले गेले. ज्यांच्यासमोर माणूस होता, ती बाळे मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखू लागली. पडद्यासमोरच्या आणि ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या बाळांच्या पदरात मात्र काहीच पडले नाही. बाळाला भाषा मिळते ती त्याच्याकडे बघणाऱ्या, त्याच्या हुंकाराला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. ग्रंथालयाने बालविभागात एक टॅबलेट वाढवावा की एक बैठक वाढवावी, असा प्रश्न पुन्हा आला तर मी काय म्हणेन हे आता ठरलेले आहे.

मग पुस्तकाचे काम काय, असे कोणी विचारील. पुस्तक त्या दोघांना बोलायला विषय देते, आणि रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द देते. हेज आणि आरेन्स यांनी १९८८ साली शब्दांची मोजदाद करून दाखवले होते की मुलांच्या पुस्तकांत जितके कमी वापरातले शब्द येतात, तितके सुशिक्षित प्रौढांच्या आपसांतल्या गप्पांतही येत नाहीत. खलाशी, चिलखत, दीपगृह हे शब्द मुलाच्या कानावर जेवताना किंवा अंघोळ करताना कुठून पडणार?

दुसऱ्या दिवशी संवादी वाचनाचा सराव होता, आणि माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा हाच होता. ही पद्धत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे पालक दोन गटांत विभागले गेले. दोन्ही गट घरी सारखेच वाचन करत होते. फरक इतकाच की एका गटाला वाचता वाचता मुलाला बोलते कसे करावे हे शिकवले होते. चार आठवड्यांतच त्या गटातली मुले भाषेच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे गेलेली दिसली. किती वाचले यापेक्षा वाचताना मुलाला किती बोलू दिले, याने हा फरक पडला होता.

सरावासाठी आमच्या जोड्या लावल्या. एकीने आई व्हायचे, दुसरीने दीड वर्षाचे मूल. माझ्या जोडीला दुसऱ्या एका ग्रंथालयातल्या ज्येष्ठ सहकारी होत्या. मी पान उघडले, चित्रात पलंगाखाली एक कुत्रा होता. त्यांनी बोट ठेवून “भू भू” म्हटले आणि मी लगेच “बरोबर!” म्हणून पान उलटले. प्रशिक्षक बाईंनी माझा हात धरला. “तुम्ही गोष्ट संपवायच्या घाईत आहात. तिला अजून बोलायचे आहे.” मग त्यांनी करून दाखवले. “हो, भू भू! तपकिरी भू भू पलंगाखाली लपलाय. कुठे लपलाय?” आणि त्या गप्प बसल्या. पान उलटण्याआधी, प्रश्न विचारल्यावर, मनात पाच आकडे मोजायचे, अशी त्यांची सूचना होती. विचारायचे, मुलाच्या उत्तराला दाद द्यायची, त्यात दोन शब्दांची भर घालायची आणि ते वाढवलेले वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचे. पाच आकड्यांची शांतता किती लांब असते, हे मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्यासारख्या सराईत गोष्ट सांगणारीला ती पाळणे फार जड गेले.

याच सत्रात एक गोष्ट ऐकली, ती स्वीकारायला मला दोन दिवस लागले. आम्ही गोष्टीचा तास रंगवतो. आवाज बदलतो, हातात बाहुल्या घेतो, मुले खिळून बसतात. मागे उभी असलेली आई ते बघते आणि मनात म्हणते, हे मला कधी जमणार नाही. मग घरी जाऊन ती प्रयत्नच करत नाही. आठवड्यातला आमचा अर्धा तास कितीही रंगला तरी तो अर्धाच तास असतो. बाकीचा सगळा वेळ मूल घरच्यांजवळ असते. म्हणून आपण करतो ते आईला सहज उचलता यावे इतके साधे असले पाहिजे, आणि मध्येच एखादे वाक्य थेट तिच्याकडे बघून बोलले पाहिजे: ‘आत्ता मी हे गाणे सावकाश म्हटले, कारण त्यामुळे शब्दांतले वेगवेगळे आवाज मुलांच्या कानाला सुटे सुटे कळतात.’ एका तासाला असे एकच वाक्य पुरे, दहा सांगितली की शिकवणी होते.

अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या दोन शाखांनी पालकांसाठी तयार केलेल्या एका कार्यक्रमाचा इतिहासही याच दिशेने गेलेला आहे. २००४ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत ध्वनींची जाण, अक्षरओळख, शब्दसंग्रह अशी सहा कौशल्ये पुढे ठेवली होती. २०११ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्या जागी बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे आणि खेळणे ही पाच साधी कामे पुढे आली. कौशल्याचे नाव ऐकून पालक बिचकतो. गाणे मात्र त्याला येतच असते.

पालकांना बिचकवण्यावरून आणखी एक मुद्दा निघाला. हार्ट आणि रिझली यांचा १९९५ सालचा अभ्यास आमच्यापैकी अनेकांना माहीत होता. ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून त्यांनी अंदाज बांधला होता की गरीब आणि सुस्थितीतल्या घरांतील मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटींचा फरक पडतो. हा आकडा थोड्या कुटुंबांवरून पुढे वाढवलेला आहे आणि नंतरच्या संशोधकांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतलेले आहेत, हे प्रशिक्षक बाईंनी स्पष्ट सांगितले, याचे मला फार बरे वाटले. हा आकडा हातात धरून आपण वर्षानुवर्षे गरीब आयांना ‘तुम्ही कमी बोलता’ असे ऐकवत आलो असलो, तर त्या ग्रंथालयात का येतील? कुटुंबकेंद्री सेवेची सुरुवातच उलट्या टोकाला आहे. घरात जे आहे, म्हणजे आजीच्या गोष्टी, अंगाईगीते, घरातली बोली, तिथून निघायचे आणि त्याला पुस्तकाची जोड द्यायची.

हे ऐकताना मला एक बाई आठवत होती. खूप वर्षांपूर्वी मी ज्या ग्रंथालयात काम करत होते, तिथे तिच्या दहा महिन्यांच्या बाळाने एका नव्या पुस्तकाचे पान फाडले. मी नियमाप्रमाणे दंड लावला, आणि चार लोकांसमोर ‘मुलाकडे लक्ष द्या’ असेही म्हणाले. ती पुन्हा कधी आली नाही. त्या वयात बाळ पुस्तक तोंडात घालते, आपटते, फाडते, कारण वस्तू ओळखण्याची त्याची तीच रीत असते. जाड पुठ्ठ्याची पुस्तके त्यासाठीच असतात. आमच्याकडे ती तेव्हाही होती, फक्त मुलांनी खराब करू नयेत म्हणून कपाटात बंद होती.

तिसऱ्या दिवशी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील मिडल कंट्री सार्वजनिक ग्रंथालयाची माहिती मिळाली. तिथे १९७९ पासून पालक आणि एक ते तीन वर्षांची मुले यांची पाच आठवड्यांची कार्यशाळा चालते. खोलीभर खेळणी, पुस्तके, रंग मांडलेले असतात. दर आठवड्याला वाचाविकास, आहार, बालविकास अशा एखाद्या विषयाचा जाणकार येतो, पण तो भाषण करत नाही. जमिनीवर पालकांजवळ बसतो. मूल ठोकळे रचत असताना आई सहज विचारते की हा अजून बोलत कसा नाही, आणि योग्य माणूस तिच्या शेजारीच असतो. निदान करणे हे ग्रंथपालाचे काम नाही, ओळख करून देणे हे आहे, ही सीमारेषा मला इथे नीट समजली. इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅममधल्या ३०० बाळांपासून सुरू झालेल्या ‘बुकस्टार्ट’मध्येही पुस्तकांची पिशवी आरोग्यसेविकांच्या हातून घरी पोचत होती. जे कुटुंब ग्रंथालयाची पायरी कधी चढत नाही, ते बाळाच्या तपासणीला जातेच.

परत आल्यावर पैशांवाचून होण्यासारखे होते तेवढे आम्ही केले. कोश वर गेले, पुठ्ठ्याची पुस्तके टोपल्यांतून जमिनीवर आली, वाचन कक्षातले पाठ टेकायला येईल असे एक बुटके बाक बालविभागात आले. ज्येष्ठ सभासदांनी आवाजाची तक्रार केली आहे आणि ती खोटी नाही. सकाळचे दोन तास लहानग्यांसाठी राखून त्यातून वाट काढतो आहोत. आमच्या मासिक अहवालात देवघेव झालेल्या पुस्तकांचा रकाना आहे, कोण कोणाच्या मांडीवर किती वेळ बसले याचा नाही, आणि त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

नेहमी दाराशी उभे राहणारे एक आजोबा दुसऱ्याच आठवड्यात त्या बाकावर टेकले. नात दोन वर्षांची. मी पुस्तक पुढे केले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “बाई, मला वाचता येत नाही हो.” मी त्यांना एकही शब्द नसलेले, नुसत्या चित्रांचे पुस्तक दिले. नदीकाठच्या एका पानावर दोघे वीस मिनिटे होते. बेडूक कुठे गेला, पाणी किती खोल असेल, मासा रात्री झोपतो का, असे त्यांचे चालले होते. आजोबांनी पान उलटले की नात ते परत मागे आणत होती. जाताना त्यांनी विचारले, “हे घरी नेता येईल का?” मी त्यांच्या नावाने कार्ड केले.

पुस्तक परवा परत आले, मुदतीनंतर चार दिवसांनी. त्याच्या एका कोपऱ्यावर चार छोट्या दातांच्या खुणा होत्या. घरी धाकटा भाऊही आहे, असे आजोबांनी जरा संकोचाने सांगितले. मी कोपरा पुसला, पुस्तक टोपलीत ठेवले आणि धाकट्यासाठी पुठ्ठ्याची दोन पुस्तके त्यांच्या कार्डावर लिहून दिली.