तुम्ही विचारलंत म्हणून: पूर्ण बरं झाल्यावरच कामावर जायचं का?

माझ्याकडं बोटं मागात सापडलेली, मनगट मोडलेली, पाठीत भरलेली माणसं येतात, आणि बरोबर आलेली घरची माणसं कधी ना कधी हा प्रश्न विचारतातच, मॅडम, पूर्ण बरं झाल्यावरच कामावर पाठवू ना? परवा एका लग्नात पंगतीत शेजारच्या काकूंनी पण तेच विचारलं, त्यांच्या जावयाचा हात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मशिनीत सापडलाय. तिथं वाढपी पुढं उभा, नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझं उत्तर नाही असं आहे काकू. पूर्ण बरं व्हायची वाट बघत घरी बसवू नका. हात घरी बसून जेवढा बरा व्हायचा तेवढा होतो, उरलेला कामावरच बरा होतो, फक्त तिथं कसं जायचं, किती वेळ, कुठल्या कामावर, हे ठरवून जायचं असतं आणि ते ठरवायला मदत करणं हेच माझं काम आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं मालिशवाली नाहीतर व्यायामवाली. आपल्याकडं हे शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं, म्हणजे पंचाहत्तर वर्षं झाली, तरी सोलापुरात मला रोज एकदा तरी सांगावं लागतं की माणसाला त्याच्या कामापर्यंत परत पोचवणं हा सुद्धा उपचार आहे.

एक मामा सांगते, नाव नको. टॉवेलच्या मागावर वीस वर्षं काम केलेले. गिअरचं झाकण काढून ठेवलेलं होतं, उजवा हात गेला, मधल्या बोटाचं टोक गेलं आणि पहिल्या, म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टेंडन तुटल्या, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आपण ज्याला शीर म्हणतो ती. ऑपरेशन चांगलं झालं. पण शिवलेली शीर पहिले काही आठवडे फार कच्ची असते, जोर लावला तर तुटते आणि अजिबात हलवली नाही तर आजूबाजूला चिकटून बसते, म्हणून सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी, त्यात मोजून मापून हालचाल, आणि जोराची पकड साधारण बारा आठवड्यांनंतर. हे अंतर पाळायचंच, इथं मी कुणाचं ऐकत नाही. लवकर जाणं वेगळं आणि घाई करणं वेगळं.

स्प्लिंट निघाल्यावर बोट वाकायला लागलं, मशिनीवर पकडीचे आकडे पण वाढायला लागले, मी खूश. मामा काही खूश नव्हते. एक दिवस म्हणाले, "मॅडम, बोट वाकायलंय की ओ, पण गाठ बसना."

ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा धागा तुटला की विणकर तो हातातल्या हातात सांधतो. अंगठा आणि पहिलं बोट, दोन टोकं एकावर एक, एक वळसा, एक ओढ, झालं, आपल्याला दिसत पण नाही कधी बांधली. ती गाठ एवढी बारीक लागते की मागाच्या फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय गेली पाहिजे. माझ्याकडं पकड मोजायचं यंत्र आहे, बोट किती अंश वाकतं ते मोजायची पट्टी आहे, पण गाठ मोजणारं काही नाही. मी त्यांना म्हटलं उद्या येताना मागावरचा धागा आणा. घरच्या जुन्या खुर्चीच्या दांड्यांवर आम्ही तो ताणून बांधला आणि रोज तोडायचा, रोज सांधायचा. घरी ज्वारीच्या डब्यात हात घालून दाणे चाळवायचे, कारण तुटलेल्या टोकाला नुसता कपडा लागला तरी कळ जायची डोक्यात, हळूहळू ती कमी होते. आणि भाकरीचं पीठ मळायचं. मामांच्या घरच्या अक्कांनी पहिल्यांदा मळू दिलं नाही, पुरुषमाणसाला काय लावताय म्हणून, मग त्यांनाच बसवून समजावलं की ही औषधाची गोळी समजा.

पण खरं काम दवाखान्यात नसतंच, ते कारखान्यात असतं. मालकांना फोन करून मी शेडमध्ये गेले आणि दुसरा विणकर काम करत होता त्याच्या मागं अर्धा तास उभी राहिले घड्याळ घेऊन. दोन मागांवर मिळून 14 वेळा कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची नळी बदलली, 5 वेळा धागा तुटला. माग थांबवायचं हँडल डाव्या हातानं, कांडी घेऊन इकडून तिकडं पळणारा धोटा काढायचा उजव्यानं, रिकामी कांडी उपसायची, भरलेली दाबून बसवायची, धागा धोट्याच्या डोळ्यातून ओढायचा. म्हणजे जोर कुठं लागतो? कांडी दाबून बसवताना आणि बीम, म्हणजे ताण्याचा जड रूळ चढवताना. बाकी सगळं चपळाईचं काम. हे तिथं जाऊन बघितल्याशिवाय मला कळलं नसतं आणि मी आणखी दोन महिने त्यांच्याकडून नुसता रबरी बॉल दाबून घेतला असता.

मालकांचा प्रश्न सरळ होता, परत काही झालं तर जबाबदारी कुणाची? मला तो चुकीचा वाटत नाही. त्यांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, त्यावर एकतर फिट लिहिलेलं असतं नाहीतर अनफिट, आणि फार तर "हलकं काम द्यावं". मागाच्या शेडमध्ये हलकं काम म्हणजे काय? मालकाला वाटतं झाडलोट, कामगाराला वाटतं अपमान. म्हणून मी लिहून देते ते असं असतं: उजव्या हातानं दोन किलोच्या वर उचलायचं नाही, बीमला हात लावायचा नाही, टॉवेलची घडी आणि चेकिंग चालेल, दिवसपाळीच, पहिले दोन आठवडे चार तास, मग एक माग, मदतीला कुणीतरी, मग जमलं तर दोन. आणि गिअरचं झाकण बसवल्याशिवाय माणूस त्या मागावर उभा राहणार नाही, हे पण त्याच कागदावर.

आता यात जे मला खरंच सलतं ते सांगते. मागावरची मजुरी नगावर. निम्मं काम केलं तर निम्मी मजुरी. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल तर कामावर झालेल्या दुखापतीत घरी असेपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात, ही फार मोठी सोय आहे, ती सोडू नका, अपघाताची नोंद त्याच दिवशी करायला लावा. पण ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा हा लाभ मिळत नाही. म्हणजे चार तास घडीला बसलेला माणूस घरी झोपलेल्या माणसापेक्षा कमी कमावतो, मग तो का जाईल? कायद्याला एकतर आजारी माणूस माहितीय नाहीतर धडधाकट, मधला माहितीच नाही, आणि मी ज्यांना बघते ते सगळे मधलेच असतात. मामांच्या मालकांनी हलक्या कामाचे सहा आठवडे रोजावर पैसे दिले, नगावर नाही, म्हणून जमलं. त्यांचे उपकार मानते पण हे एखाद्याच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नाही.

दुसऱ्या एका कारखान्यात याच्या उलट बघितलंय, पूर्ण बरा होऊन ये म्हणाले, पोरगा पाच महिन्यांनी गेला तर त्याचे माग दुसऱ्याला देऊन टाकलेले. आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या शेडमध्ये तर बहुतेक वेळा ईएसआय पण नसतं, तिथं 1923 सालापासून चालत आलेली भरपाईची तरतूद आहे, तिच्यासाठी दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. हे लोकांना कुणी सांगतच नाही.

ऑस्ट्रेलियात तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं एक हिशेब लोकांपुढं ठेवलाय. माणूस 20 दिवस कामापासून लांब राहिला तर परत कामावर जायची शक्यता 70 टक्के, 45 दिवस झाले तर 50, आणि 70 दिवस झाले तर 35. आकडे तिकडचे आहेत, आणि जास्त लागलेला माणूस जास्त दिवस घरी राहणारच हे पण त्यात आलं, तरी मला त्यातलं 70 दिवस फार लागलं मनाला. कारण शीर शिवली की आपले 70 दिवस स्प्लिंट आणि व्यायामातच जातात. तेवढे दिवस माणूस शेडमध्ये गेलाच नाही तर कारखाना त्याच्याशिवाय चालायला शिकतो, आणि तोही कारखान्याशिवाय. म्हणून मी आता दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यातच सांगते, हात गळ्यात असू दे, जाऊन चहा पिऊन या, मालकाला तोंड दाखवून या.

मामा गेले आणि दारातूनच परत आले. माग सुरू होते, तो खडखडाट ऐकून हातापायाला घाम फुटला म्हणे. वीस वर्षं ज्या आवाजात पोटभर झोप लागायची माणसाला! मग सुट्टीच्या दिवशी मी आणि अक्का त्यांना घेऊन गेलो, माग बंद. त्यांनी डाव्या हातानं हँडल धरलं, सोडलं, परत धरलं. उजवा हात पाठीमागं लपवलेला होता. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं तो हात आपणहून पुढं आला आणि फणीवरून फिरला, पोरांच्या डोक्यावरून फिरवतात तसा. त्या दिवशी व्यायाम काहीच झाला नाही पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम त्याच दिवशी झालं.

विडीवाल्या बायकांचं वेगळंच. त्यांचा कारखाना म्हणजे मांडीवरचं सूप, मालक समोर नसतो, चार तासाचं काम कुणाकडं मागायचं? मनगट मोडून प्लास्टर लागलेल्या बाईला निदान एवढं तरी सांगा, प्लास्टरच्या बाहेरची बोटं दिवसातून बऱ्याच वेळा मिटायची उघडायची, खांदा पण हलवायचा. बोटं आखडली तर पान कातरणं राहू दे, ते गुंडाळणं पण जमत नाही, आणि हाड जुळलं तरी बोटं मोकळी करायला पुढं महिने जातात.

मामा आता दोन मागांवर आहेत. गाठ पहिल्या बोटानं बसलीच नाही, त्यांनी ती अंगठा आणि मधल्या बोटाच्या उरलेल्या टोकात बसवायला स्वतःच शोधून काढली, मी शिकवलेली नाही. पूर्वीपेक्षा सावकाश बसते. थंडीत बोट ठणकतं, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात जास्त.

तर काकू, जावईबापूंना स्प्लिंट आहे तोवरच घेऊन या. ऑपरेशनचे कागद आणा, ईएसआयचं कार्ड असेल तर आणा. आणि त्यांच्या जोडीदाराला सांगून त्या मशिनीवर काम चाललेलं असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा, पाच मिनिटांचा तरी, चेहरा नाही दिसला तरी चालेल, हात दिसले पाहिजेत.