मिस, आज 'ड्रिल' म्हणाल्याच नाहीत

मंगळवार, 9 मे 2023. तारीख पाठ आहे, का ते पुढे येईलच.

मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका सबर्बमधे सरकारी शाळेत सेकंड ग्रेडला असिस्टंट आहे. म्हणजे बुटाच्या लेस बांधा, ग्लू स्टिकची झाकणं शोधा, वाचनात मागे पडलेल्या दोघातिघांना घेऊन बसा, असली कामं. त्या दिवशी वर्गाच्या बाई रजेवर होत्या आणि बदली आलेली मुलगी शाळेत पहिल्यांदाच पाय ठेवत होती, त्यामुळे वर्ग तसा माझ्याच गळ्यात.

तीनच दिवस आधी, शनिवारी, इथल्याच ॲलन गावच्या आउटलेट मॉलमधे गोळीबार होऊन 8 माणसं गेली होती, त्यात लहान मुलंसुद्धा. इंडियातून कुणाचे आईबाबा आले की आम्ही सगळे देशी त्यांना तिथंच नेतो, बॅगा घ्यायला, बूट घ्यायला. मराठी ग्रुपवर दोन दिवस नुसतं 'कुणी आपलं होतं का' चाललेलं. माझ्याही मनात पहिलं तेच आलं, आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली.

सव्वादहाला स्पीकर वाजला. "लॉकडाऊन. लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट." दोनदा. लॉकडाऊनचं ड्रिल, म्हणजे कुणी बंदूक घेऊन आलं तर लपायचा सराव, सेमिस्टरला एक होतंच, त्यामुळे पोरं माझ्या आधी उठली. दार लॉक, दिवे बंद, आणि 22 जणं दप्तरांच्या खणांजवळच्या कोपऱ्यात, दारावरच्या काचेतून दिसणार नाही अशी, एकमेकांना चिकटून. कुणी हू की चू नाही. सात-आठ वर्षांची पोरं इतकी शहाण्यासारखी वागतात ना, ते बघवत नाही.

एक पोरगा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "मिस, प्रिन्सिपल आज 'धिस इज अ ड्रिल' म्हणाल्याच नाहीत."

खरं होतं. मला ते कळलंच नव्हतं, त्याला कळलं होतं. मी म्हटलं, विसरल्या असतील. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस.

खणांच्या वर भिंतीला लाल पिशवी असते. 2018 मध्ये सँटा फे हायस्कूलमध्ये 10 जणं मारली गेली, त्यानंतर 2019 ला टेक्सासने कायदा केला की शाळांमधे रक्तस्राव थांबवायचं किट हवं. बंदुकीचा नाही हं, किटचा कायदा. त्याचं ट्रेनिंग मी घेतलंय, पट्टा जखमेवर नाही, तिच्या वरच्या बाजूला बांधायचा, त्याची दांडी पिरगाळायची, आणि किती वाजता बांधला ते मार्करने त्यावर लिहायचं. शिकवणारा जाता जाता म्हणाला होता की लहान मुलांच्या दंडाला हा पट्टा कधीकधी सैल पडतो, तेव्हा सरळ जखमेत कापड कोंबून हाताने दाबून धरा. मी पिशवी काढून मांडीवर घेतली आणि मार्कर मुठीत धरून बसले, आणि अंधारात डोळे फाडून एकेकाचे दंड बघत होते, कोणाचे बारीक, कोणाचे त्यातल्या त्यात जाड. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

मधेच दाराचा हँडल एकदा खाली झाला, परत वर आला. पोलीस दारं तपासत होते, हे नंतर कळलं.

40 मिनिटांनी सुटलो. झालं काय तर एक माणूस खांद्याला रायफल अडकवून रस्त्याने चाललेला, तो शाळेकडे येतोय असा कुणीतरी फोन केला. सापडला पार पलीकडच्या कॉलनीत. पोलीस त्याच्याशी बोलले, सोडून दिलं. इथे रायफल उघड घेऊन रस्त्याने चालायला लायसन लागत नाही, तो कायद्यात बसत होता. न बसणारे आम्ही, कोपऱ्यात.

आता तारखेचं. टेक्सासमधल्याच युवाल्डी गावच्या शाळेत 2022 च्या मे मधे 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, मारणारा नुकता 18 पूर्ण झालेला, रायफल दुकानातून रीतसर घेतलेली. म्हणून तिथल्या आईबापांची वर्षभर एकच मागणी, असली रायफल विकत घ्यायचं वय 18 चं 21 करा. ॲलननंतर दोन दिवसांनी, सोमवारी, ते बिल ऑस्टिनला, राज्याच्या विधानसभेत, कमिटीतून 8 विरुद्ध 5 ने निघालं, दोन रिपब्लिकनांनीसुद्धा हो म्हटलं. आणि मंगळवारी रात्री, आमच्या लॉकडाऊनच्याच दिवशी, कामकाजाच्या यादीत लागायची मुदत उलटली. खलास. पाडलं नाही कुणी, मत द्यायची वेळच येऊ दिली नाही.

आमचे डेमोक्रॅट मित्र लगेच म्हणतात, बघ, रिपब्लिकन! अरे हो, पण 2009 मध्ये सिनेटमध्ये काही महिने 100 पैकी तुमचे 60 होते, म्हणजे विरोधकांना बिल अडवून धरता येणार नाही इतके, तेव्हा काय केलंत? उलट त्याच वर्षी नॅशनल पार्कात भरलेली बंदूक न्यायला परवानगी देणारं कलम क्रेडिट कार्डांवरच्या कायद्याच्या बिलात घुसलं आणि ओबामांनी सही केली. 2022 मध्ये थोडंफार झालं, 21 च्या आतल्या गिऱ्हाइकाची जास्त तपासणी वगैरे, नाही म्हणत नाही. पण दर गोळीबारानंतर एका पार्टीची प्रार्थना येते आणि दुसरीची वर्गणीची ईमेल, आणि तिसरं दुकान इथे नाहीच. आपल्याकडे निदान रुसून वेगळा पक्ष तरी काढतात.

पुढच्या मार्चमधे प्रायमरी होती, म्हणजे प्रत्येक पार्टीचा उमेदवार निवडायचं मतदान. आमच्या भागात नोव्हेंबरचा निकाल मार्चमधेच ठरलेला असतो. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कुठल्या पार्टीचा बॅलट? मी म्हटलं रिपब्लिकन. नवरा शेजारच्या रांगेतून बघतच राहिला. गाडीत म्हणाला, तू? म्हटलं, निकाल तिथं लागतो तर मत तिथं देणार ना. घरी आलो तर पोस्टाच्या पेटीत त्याच जागेच्या दोन उमेदवारांची दोन चकचकीत पत्रकं, मतदान झाल्यावर पोचलेली. दोघंही हसतायत, दोघांच्याही हातात रायफल.