सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, त्याची ही गोष्ट

मी द्राक्षं निवडून डब्यांत भरायच्या पॅकहाऊसला कामाला आहे, तिथल्या बायका सारखं विचारतात की शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायला काय काय केलं, कागद कुठले लागले, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते. मी निफाड तालुक्यातली. आमच्या भागात सहा गावांत मिळून एकच हायस्कूल, बाजाराच्या गावात. बाकी गावांतल्या झेडपीच्या शाळा सातवीपर्यंत, फारतर आठवी, पुढं शिकायचं तर एसटी नाहीतर सायकल. माझं माहेरही त्याच सहात आणि सासरही त्याच सहात, म्हणजे लग्न होऊन मी गाव बदललं पण हायस्कूल काही बदललं नाही.

दहावीत असताना, म्हणजे २००२ साली, माझी शाळा सुटली. गाडी सकाळची एकच, तीही पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, पाणी आलं की गावात यायची नाही, अलीकडूनच वळायची. त्यात श्रावणात आई अंथरुणाला खिळली, धाकटे दोघं लहान, चूल कोण बघणार. आज जाईन उद्या जाईन करत दिवाळी आली आणि मग लाज वाटायला लागली, मग गेलेच नाही. कोणी नाव काढलं असं नाही आणि कोणी बोलवायला आलं असंही नाही.

आता पॅकहाऊसला मी सात सीझन काढलेत. द्राक्षाचा घड हातात घेतला की कुठला मणी काढायचा ते बघायला लागत नाही, कात्री आपोआप जाते. पनेट, म्हणजे द्राक्षाचे छोटे प्लास्टिकचे डबे, भरायला नवीन पोरी आल्या की शिकवायला मलाच लावतात. पण सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा ऑफिसातून विचारलं, दहावीची मार्कशीट आहे का? नाही. मग ती जागा मीच शिकवलेल्या एका पोरीला मिळाली. चांगली पोरगी आहे, तिचा काही दोष नाही, पण त्या रात्री जेवण गेलं नाही एवढं खरं.

असं बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म असतो हे मला माझ्या लेकीनं सांगितलं, ती तेव्हा आठवीत. फॉर्म ऑनलाईन भरायचा, आपल्या जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची आणि कागद तिथं नेऊन द्यायचे. कागद फार नाहीत हो, शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, फोटो. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत काढून प्रतिज्ञापत्र जोडतात. शिवाय मोबाईल नंबर आणि ईमेल लागतो, माझा ईमेल लेकीनं काढून दिला आणि त्याचा पासवर्ड अजूनही तिलाच माहितीये.

माझा दाखला हरवला नव्हता, मी तो कधी काढलाच नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये अर्धी हजेरी पाडून हायस्कूलला गेले. क्लार्क म्हणाले, ताई एवढं जुनं आता कुठं शोधू, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला मी डबाच घेऊन गेले आणि म्हटलं, बसते इथं, सापडेपर्यंत. शेवटी शिपाईमामांनी कपाटावरून जनरल रजिस्टर काढलं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, उचलायला दोन हात लागतील एवढं, आणि पानं उलटता उलटता एका ओळीवर बोट थांबलं. माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. जन्मतारीख १ जून १९८७, आमच्या वेळच्या निम्म्या पोरांसारखीच, गुरुजींनी टाकलेली. आईच्या नावाचा रकाना कोरा. वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण, सतत गैरहजर.

ते दोन शब्द मी दोनदा वाचले. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण फरशीवरचं पाणी आणि आईचं आजारपण कुठल्या रकान्यात बसणार होतं म्हणा. क्लार्कनी तेच दाखल्यावर उतरवलं, शिक्का मारला, हेडसरांची सही घेतली, वीस मिनिटांचं काम.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण मी इथंच अडकणार होते. फॉर्मवर नाव दाखल्यावर आहे तेच टाकायचं. माझ्या आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं, आणि सायबर कॅफेवाला म्हणत होता की आधारचं टाकू. क्लार्कनी फोनवर स्पष्ट सांगितलं की बोर्ड शाळेचं रेकॉर्ड धरतं, मार्कशीटवर माहेरचंच नाव येणार. आमच्या ह्यांना ते ऐकून जरा कसंसंच झालं. म्हणाले, फी मी भरायची आणि नाव सासऱ्यांचं? हसत म्हणाले, पण म्हणाले. आईच्या नावाचा रकाना मात्र फॉर्मवर भरावाच लागतो, तो मी भरला.

अभ्यासाचं काय सांगू. दिवाळीपर्यंत पुस्तकं नुसती उशाला होती. २६ नोव्हेंबरला गारपीट झाली, बागा अक्षरशः झोडपून निघाल्या, शेजारच्या बागेत मण्यांचा सडा. मग डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी, लासलगावला भाव धाडकन खाली, घरात कोणी कोणाशी बोलेना, त्यात मी कुमारभारती घेऊन बसायचं म्हणजे मलाच चोरी केल्यासारखं वाटायचं. सासूबाईंनी मात्र एक दिवस आपणहून संध्याकाळच्या भाकरी थापायला घेतल्या आणि बोलल्या काहीच नाहीत. तेव्हापासून संध्याकाळ माझी.

मराठी, इतिहास, भूगोल जमतं, वाचलं की कळतं. गणिताचे आता दोन भाग, चाळीस-चाळीस मार्कांचे पेपर, आणि आमच्या वेळचं काहीच त्यात ओळखीचं नाही. लेक आठवीची, तीच युट्यूब बघून आधी स्वतः शिकायची मग मला शिकवायची, आणि माझं चुकलं की अगदी शाळेतल्या बाईंसारखी मान हलवायची. इंग्रजीचं मी फार डोक्याला लावून घेतलं नाही, पत्र पाठ केलं, उतारा वाचून त्यातलीच वाक्यं लिहायची ठरवलं.

लेखी ऐंशीची, वरचे वीस तोंडी-प्रात्यक्षिकाचे, ते संपर्क केंद्राच्या शाळेतच होतात. हे लोक विसरतात. आमच्यातला एकजण तोंडीला आलाच नाही आणि मग रडत बसला. शाळेतून फोन येईल म्हणून वाट बघू नका, आठवड्याला एक चक्कर मारा नाहीतर क्लार्कचा नंबर घेऊन ठेवा.

१ मार्च २०२४ ला मराठीचा पेपर. आणि मार्च म्हणजे पॅकहाऊसचा ऐन सीझन, रोज गाड्या भरून चाललेल्या. सुट्टी मागितली तर बिनपगारी मिळाली, तीही पेपरच्या दिवशीच, मधल्या दिवसांत कामावर. काही पेपरांना मी रात्री आठपर्यंत कोल्ड रूमच्या बाहेर उभी राहून घरी येऊन वाचलंय.

आमच्या ब्लॉकमध्ये सगळे रिपीटर आणि सतरा नंबरवाले. माझ्या पुढं टायरच्या दुकानातला पोरगा, नखं काळी, मागं एक ताई माझ्याहून मोठ्या, त्या चष्मा विसरल्या म्हणून पहिल्या दिवशी सुपरवायझर सरांनी स्वतःचा दिला. बेंच इतका अरुंद की साडी सांभाळून बसताना गुडघे वर लागतात, दुसऱ्या पेपरपासून मी ड्रेसच घातला. बारकोडचं स्टिकर नीट बघून लावा, हात थरथरतो. शेवटची दहा मिनिटं आता वाढवून देतात, माझं भूगोलाचं शेवटचं उत्तर त्या दहा मिनिटांतलंच आहे. खिडकीतून हायस्कूलचं ग्राउंड दिसत होतं आणि कडेला एसटी उभी, पोरी बॅगा घेऊन चढत होत्या. माझी लेक पण त्याच गाडीनं येते, अहिल्यादेवी होळकर पास आहे, बारावीपर्यंत फुकट. गाडी आता दिवसातून चार फेऱ्या करते. पूल उंच केलाय.

निकाल २७ मे ला दुपारी एकला. मी घरीच होते, नेट फिरत राहिलं, लेकीनं सीट नंबर टाकला आणि म्हणाली, मम्मी, आता आजीचं नाव टाकायचंय. बोर्डाचं तसंच आहे, सीट नंबर आणि आईचं नाव टाकल्याशिवाय निकाल उघडत नाही. पहिल्यांदा स्पेलिंग चुकलं, हॉलतिकीट शोधून बघितलं तर त्यावर एक ए जास्त होता. दुसऱ्यांदा उघडलं. पास. इंग्रजीत छत्तीस, काठावर. मराठीत एकोणऐंशी, ते मात्र मी सगळ्यांना सांगितलं.

मार्कशीट शाळेतूनच घेतली, रजिस्टरला सही करून. पॅकहाऊसच्या ऑफिसात दिली तर ते म्हणाले, हे नाव वेगळं, तुम्ही त्याच कशावरून? चूक त्यांची नाही. मग ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद, जी आम्ही कधी केलीच नव्हती. दोघांचे फोटो, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका मागितली. पत्रिका माझ्याकडं नव्हती, सासूबाईंच्या ट्रंकेत निघाली, हळदीच्या डागासकट. साक्षीदारांत एक पॅकहाऊसचा ड्रायव्हर. ग्रामसेवकांनी सर्टिफिकेट दिलं त्या दिवशी हे म्हणाले, चला, अठरा वर्षांनी लग्न झालं.

पुढच्या सीझनला लाईन माझ्याकडं आली, सुपरवायझर म्हणून. मार्कशीट आणायला गेले होते तेव्हाच क्लार्कना विचारून ठेवलं होतं, बारावीचा सतरा नंबर कधी भरता येतो. ते म्हणाले, ताई, दहावीनंतर मध्ये दोन वर्षं जावी लागतात, आणि तो फॉर्म इथं नाही, ज्युनियर कॉलेजला. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.