वीस रुपयांच्या मिरच्या

बुधवारचा बाजार मी दिवेलागणीला करतो. त्या वेळी भाजी मलूल झालेली असते असं बायकोचं म्हणणं आहे. खरं आहे, पण भावही मलूल झालेला असतो. तर कोथिंबीर घेऊन निघालो होतो, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मावशींनी हाक मारली. "काका, ह्यो ढीग न्या की सगळा. इसाला देते." पोत्यावर अदमासे दोन किलो हिरव्यागार मिरच्या होत्या. एवढ्या स्वस्त कशा, म्हटलं. "तोडणीची मजुरीबी निघंना औंदा." मी मान हलवली आणि पिशवी उघडली.

मिरची ही पैसे मोजून घ्यायची वस्तू आहे असं मला मुळात वाटतच नाही. ती कोथिंबिरीवर येते. "चार मिरच्या टाका की वर" एवढं म्हणायचं असतं, आणि टाकल्या नाहीत तर पुढच्या बुधवारी दुसरी गाडी बघायची असते. त्यामुळे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अशा फुकटातल्या मिरच्यांची एक पिशवी आधीच होती. काही पिवळ्या पडलेल्या, काही तांबड्या, एक-दोन अगदीच कामातून गेलेल्या.

बायको माहेरी, जळगावला. फोनवर आधी हसली, मग गंभीर झाली. "अहो, दोन किलो? घरात माणसं किती?"

टाकून द्यायचं माझ्या जिवावर येतं. वर्तमानपत्र पसरून बसलो आणि देठं खुडली. देठ काढून, कोरड्या करून, कागदात गुंडाळून ठेवल्या की मिरच्या बऱ्याच टिकतात. पाव किलो अशा मार्गी लागल्या. ढीग तसाच दिसत होता.

मग ठेचा. यावरून आमच्या घरात लग्नापासून वाद आहे. मी सातारकडचा, आम्ही खर्डा म्हणतो. ती ठेचा म्हणते. नाव काहीही ठेवा, पण तो मिक्सरला लावायचा नाही, या एका मुद्द्यावर आमचा संसार टिकून आहे. लोखंडी तव्यावर तेल, त्यात मिरच्या आणि सोललेला लसूण. मिरच्यांच्या अंगावर पांढरट फोड आले की जाडं मीठ टाकायचं, आणि तवा खाली उतरवून तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचं. मिरची आधी निसटते, मग शरण येते. बी तव्याला चिकटून चुरचुरतं, तो खमंग भाग शेवटी भाकरीनं पुसून घ्यायचा. समोरच्या फ्लॅटमधून खोकल्याचा आवाज आला. मी खिडकी उघडली, तर वरच्या मजल्यावरूनही आला.

उरलेल्यातल्या अर्ध्या किलोचं लोणचं घालायचं ठरवलं. मोहरीची डाळ, हळद, हिंग, मीठ, लिंबाचा रस, वर गार केलेली फोडणी. आई मोहरी पाण्यात फेसायची, नाकात झिणझिण्या येईपर्यंत. मी तेवढ्या थराला गेलो नाही. मात्र लोणचं सोसवेल असं व्हावं म्हणून एकेक मिरची उभी चिरून नखानं बिया काढत बसलो. तिथंच चुकलो. खरा जाळ बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला धरून असतात तिच्यात असतो. म्हणजे तासभर मी नेमका तिच्यातच बोटं घालत होतो.

आधी नुसतं कोमट वाटलं. मग बोटं भगभगायला लागली. नळाखाली धरली, साबण लावला, पुन्हा नळाखाली धरली. पाण्याबाहेर काढली की आग दुप्पट. त्यात चष्मा सावरताना डोळ्याला बोट लागलं. ते सांगत बसत नाही.

आणि एकदम आजी आठवली. "पाण्यात काय धरतोस मेल्या, तेल लाव." मिरचीचं तिखट पाण्याला दाद देत नाही, ते तेलात विरघळतं. त्या तिखटाला कॅपसेसिन म्हणतात हे आजीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती तळहातावर खोबरेल ओतायची, खसाखसा चोळायची आणि मग शिकेकाईनं हात धुवायची. उरलेली आग तिच्या शिव्यांत विझायची.

हे सगळं सांडगी मिरचीच्या दिवसांत. चैत्रातली उन्हं, गच्चीवर जुनं धोतर अंथरलेलं. जाड, पोपटी, फारशी तिखट नसलेली मिरची लागे. तिचं पोट चिरायचं, धणे-जिरे-मेथी-हिंगाचा कुट मिठासकट आत दाबायचा. रात्री दह्यात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. दही संपेपर्यंत हेच. माझ्याकडे राखण होती. हातात वेताची काठी, डोक्यावर ओला पंचा, आणि दर दहा मिनिटांनी एक मिरची कमी का होते याचं आजीला द्यायचं उत्तर तयार. कावळे म्हणायचो. एकदा मात्र खरोखरच राव्यांचा थवा उतरला. मला त्यांची इतकी दया आली की काठी टाकून ओरडत सुटलो, "अरे तिखट आहे, तोंड भाजेल!" पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही, हे पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं. पिंजऱ्यातल्या पोपटाला आपण इतक्या पिढ्या मिरची देतो, तेव्हा हे मला वाचावं का लागलं, कोण जाणे.

उरलेल्या मिरच्यांची सांडगी करून पाहिली. आमच्या गॅलरीत ऊन साडेदहाला येतं आणि बाराला जातं, तेही चौकोनी पाटाएवढं. मी ताट घेऊन त्याच्या मागे सरकत होतो, कठड्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत. मिरची जाड नव्हती, जानेवारीचं ऊन चैत्राचं नव्हतं. चौथ्या दिवशी त्या वाळल्या नाहीत, नुसत्या म्हाताऱ्या झाल्या. तळल्यावर बऱ्या लागल्या. दहीभातात काहीही बरं लागतं.

पुढच्या बुधवारी बाजारात मावशींना अभिमानानं सगळा हिशोब दिला. ठेचा, लोणचं, आणि बोटं दोन दिवस कशी भगभगत होती तेही.

"किती चिरल्या?"

"अर्धा किलो."

त्या हसल्या. मिरच्या निवडता निवडता, वर न बघता म्हणाल्या, "आमी दिसभर तोडतो. रातच्याला नातीला घास भरवायचा तर चमच्यानं."

मला काय बोलावं सुचेना. पोत्यावर तेवढाच ढीग होता.

"देऊ का? इसालाच हाय."

पिशवी उघडली. माझ्याकडे पन्नासाची नोट होती. त्यांनी तीस रुपये मोजून परत केले, आणि मी न मागता वर मूठभर कढीपत्ता टाकला.